सांगितलं तेवढंच लिहिलं

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या पक्षीकेंद्रावर सगळे वहीबाई म्हणतात. हे नाव तिला ज्याने दिलं, त्या केंद्रप्रमुखाला मी इतकी वर्षं तोंडावर 'सर' म्हणत आले. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. लिहिणारी मी आहे, आणि लिहिणाऱ्याच्या हातात किती ताकद असते ते आमच्या ताईने दाखवून दिलेलं आहे.

केंद्र म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. दलदल आणि समुद्र यांच्या मधे झुडपांचा एक लांबट पट्टा आहे. वसंतात लांबून उडत येणारे छोटे पक्षी तिथे दोन-चार दिवस उतरतात, खातात, अंगावर चरबी चढवतात आणि पुढे जातात. ते दोन महिने आम्ही झुडपांमधे बारीक धाग्याची जाळी लावतो. त्यात सापडलेला पक्षी अलगद सोडवायचा, कापडी पिशवीत घालायचा आणि पिशवी मोजणीच्या खोलीत नेऊन खुंटीला टांगायची, हे माझं काम. तिथे त्याच्या पायात क्रमांक कोरलेली कडी घालतात, पंख मोजतात, वजन घेतात आणि खिडकीतून सोडून देतात. पुढे कधी तो पुन्हा कुणाला सापडला, तर त्या क्रमांकावरून तो कुठून आला आणि किती जगला ते कळतं. म्हणजे सगळी मदार वहीतल्या नोंदीवर. नोंद चुकली तर त्या बिचाऱ्याच्या पायात आपण नुसतं लोढणं अडकवलं, एवढाच त्याचा अर्थ.

मोजणीच्या खोलीत एकच टेबल. खिडकीकडच्या खुर्चीवर तो बसायचा, कारण पक्षी हातात घेऊन कडी घालायचा परवाना केंद्रावर एकट्या त्याच्याकडे होता. समोरच्या खुर्चीवर ताई, वही उघडून. भिंतीवर रंगाने लिहिलेला नियम आहे: ज्याच्या हातात पक्षी तो बोलेल, ज्याच्या हातात पेन तो ऐकेल तेच लिहील. दोघांची मतं एका ओळीत मिसळू नयेत म्हणून हा नियम. प्रत्येक पानाखाली सही करायची ती पक्षी हातात धरणाऱ्याने. नियम शहाण्या माणसाने केलेला आहे, त्याला मी नावं ठेवत नाही.

बावीस वर्षांपूर्वी तो प्रमुख नव्हता, नुसता परवानाधारक होता. ताईला लिहायला लागून चार वर्षं झाली होती. एके सकाळी पाच-सहा पाहुणे खोलीत उभे होते आणि त्याच्या हातात एक तपकिरी, चिमुकला पक्षी होता. "बोरू वटवट्या," तो म्हणाला. वटवट्यांमधे निम्मे एकसारखे दिसतात, आणि बोलणारे बोलून मोकळे होतात. ताईने पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सर, पंखाचं दुसरं पीस एकदा बघता का? मला हा बोरू वाटत नाहीये."

तो पाहुण्यांकडे वळून हसला. "ऐकलंत? आमची वही बोलायला लागली." पाहुणेही हसले. मग ताईकडे बघून म्हणाला, "बाई, वहीने बोलायचं नसतं." त्या दिवसापासून ती वहीबाई झाली.

पाहुण्यांपैकी एकाने उघड्या पंखाचा फोटो काढला होता आणि तो सगळ्या केंद्रांच्या मुख्य कार्यालयाला पाठवला. दोन महिन्यांनी मुख्य कार्यालयातून पत्र आलं की हा बोरू नव्हेच, या किनाऱ्यावर पूर्वी कधीच न सापडलेली जात आहे. त्याने वहीतली ओळ खोडली, नवं नाव लिहिलं आणि अहवालात ठोकून दिलं की पक्षी हातात घेताक्षणी मला शंका आली होती. त्या एका पक्ष्यावर तो प्रमुख झाला. ताईचं नाव तळटीपेतसुद्धा नव्हतं. मी भांडायला निघाले होते, ताईनेच मला अडवलं. "पक्ष्याचं नाव बरोबर लागलं ना? झालं तर मग," असं म्हणाली. ही आमची ताई. मी तशी नाही. मी तेव्हापासून त्याला पाण्यात पाहत आले, आणि ते लपवायची तसदीही फारशी घेतली नाही.

ताईने मात्र त्या पंखाचा धडा सोडला नाही. पक्षी तिला हातात घेता येत नव्हता, तर ती टेबलापलीकडून शिकली. कुठलं पीस किती आखूड, डोळ्यावरची रेघ कुठे संपते, पाय काळे की फिके, सगळं समोरच्या माणसाच्या बोटांच्या फटीतून बघून. कडीवरचे मुंगीएवढे आकडे ती उलट्या बाजूने वाचते. दर दोन-तीन वर्षांनी परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरायची. त्याला प्रमुखाची शिफारस लागते. तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू. तू गेलीस तर लिहिणार कोण?" हे तो कौतुक म्हणून म्हणायचा.

मग त्याचे डोळे गेले. आंधळा झाला असं नाही. चालायचा-फिरायचा नीट, माणसं ओळखायचा. बारीक तेवढं दिसेनासं झालं. आधी पक्षी खिडकीजवळ धरायला लागला, मग हात लांब करून धरायला लागला, मग एक दिवस बघायचंच सोडून दिलं आणि अंदाजाने बोलू लागला. वजनाचा काटा मोठ्या चमकत्या आकड्यांचा आहे, म्हणून वजन तेवढं बरोबर यायचं. बाकी पट्टीवरच्या रेघा, पायांचा रंग, जुन्या कडीवरचे आकडे, सगळं रामभरोसे. आमच्याकडे पर्ण वटवट्यांच्या दोन जाती येतात, एकीचे पाय काळे, दुसरीचे फिके, बाकी दोघी बहिणी-बहिणी. त्याला काळा पायही फिका दिसायचा.

डॉक्टरकडे जाईना आणि कुणाला सांगेना. प्रमुखाच्या खुर्चीवर बसायचं तर नजर शाबूत लागते.

मी पिशव्या टांगायला खोलीत जायची तेव्हा बघायची. तो म्हणायचा "फिके पाय", आणि ताई समोर बघून लिहायची "काळे पाय". तो पंख सत्तावन्न मिलिमीटर म्हणायचा, ती साठ लिहायची. तो पुन्हा सापडलेल्या पक्ष्याचा क्रमांक ठोकून द्यायचा, ती खरा क्रमांक लिहायची. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मग तो पानाखाली सही करायचा. असे तीन वसंत गेले. भिंतीवरचा नियम ताईने रोज मोडला, आणि तो मोडल्यामुळेच वह्या खऱ्या राहिल्या.

"मरू दे की त्याला," मी म्हणायची. "पडू दे तोंडावर एकदा."

"पक्ष्यांनी काय घोडं मारलंय?" ताई म्हणायची. "आणि म्हातारा होत चाललाय गं. जाऊ दे आता."

मरायचं राहिलं बाजूला, त्याचं नावच झालं. त्या तीन वसंतांच्या नोंदींवरून त्याने दाखवून दिलं की फिक्या पायाचे पक्षी दर वर्षी दोन दिवस आधी यायला लागले आहेत. त्याचा लेख छापून आला, परगावाहून लोक भेटायला आले. या वर्षी त्याची मुदत संपत होती, पण दोन वर्षं वाढवून मिळणार हे सगळे धरूनच चालले होते. हंगामाच्या शेवटी मुख्य कार्यालयाची तपासनीस येणार, वह्या बघणार, की मुदतवाढीवर शिक्का.

आणि या वर्षी ताईला चौपन्न पूर्ण झाली. परवान्याची परीक्षा पंचावन्नपर्यंतच देता येते. म्हणजे हीच शेवटची संधी, याच्यापुढे आयुष्यभर समोरच्या खुर्चीवर. हंगाम सुरू व्हायच्या आधी तिने अर्ज भरला. आठ दिवसांनी परत आला. शिफारशीच्या रकान्यात त्याच्या अक्षरात, रकान्याच्या बाहेर घसरलेल्या ओळीत, लिहिलं होतं: शिफारस नाही, नजर अधू.

आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून ताईने ते वाचलं. आम्ही एकत्रच राहतो. केंद्रामागच्या दोन खोल्यांत ती, मी आणि आमचे हे. हे धक्क्यावर होडीच्या तिकिटांच्या खिडकीत बसतात आणि दिवसभर कुणाशी बोलायला मिळत नाही म्हणून घरी बोलतात. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना," हे म्हणाले. "यांना तर स्वतःचं मुसळसुद्धा दिसत नसणार, तेही अंदाजानेच."

मी हसले. ताई हसली नाही. कागद खाली ठेवून तिने हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "या वर्षी मी नियमाने वागणार आहे."

मला अर्थ कळायला दोन क्षण लागले. कळला तेव्हा मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. वाटली नाही.

"वहिनी जरा जपून," हे म्हणाले. हे ताईला गमतीने वहिनी म्हणतात, वहीबाईवरून, आणि त्यांच्या मते बायकोपेक्षा जास्त धाक वाटावा अशी घरात तीच आहे. "उंच झाड पाडताना उभं कुठे राहायचं ते आधी ठरवावं. नाहीतर आपल्याच डोक्यात."

"डोकं चालवायचंच नाहीये मला," ताई म्हणाली. "ऐकायचं आणि लिहायचं."

पहिल्या सकाळी मी बारा पिशव्या टांगल्या आणि काही ना काही निमित्त काढून खोलीतच रेंगाळले. त्याने पहिली पिशवी काढली. आत काळ्या पायाचा पर्ण वटवट्या, मीच सोडवलेला, मला माहीत होतं. तो म्हणाला, "फिके पाय." ताईने लिहिलं: फिके पाय. पंख सत्तावन्न म्हणाला, सत्तावन्न लिहिलं. शेवटी त्याने पानाखाली झोकात सही केली. तेवढ्याने काही कोसळलं नाही. बाहेर येऊन मी एकटीच हसत जाळ्यांकडे गेले.

पुढचे दोन महिने आमच्या वहीत जे जे घडलं ते निसर्गात कुठे घडत नाही. पहिल्या आठवड्यात कडी घातलेला थिरथिरा दुसऱ्या आठवड्यात त्याच क्रमांकाचा माशीमार होऊन आला. एरवी वीस ग्रॅमच्या आसपास भरणारा धोबी पक्षी आठ ग्रॅमचा आला. एका वटवट्याचा पंख चार दिवसांत अकरा मिलिमीटर वाढला. संध्याकाळी मी ताईला विचारायची, "आज काय चमत्कार?" आणि ती एकेक सांगायची, कोरड्या आवाजात, बातम्या वाचाव्यात तशी. हे पोट धरून हसायचे. मला ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं. बावीस वर्षं ज्याने तिला गप्प बसवलं, तो आता रोज पन्नास वेळा स्वतःच्या तोंडाने स्वतःचा खड्डा खणत होता, आणि खाली सही करत होता.

त्याला काहीच कळत नसेल असं मला वाटायचं. ताईला तसं वाटत नव्हतं. "तो मधेमधे थांबतो," ती एकदा म्हणाली. "बोलून झालं की माझ्याकडे बघतो. मी लिहीपर्यंत बघत राहतो." मी म्हटलं, बघू दे.

मग पाचव्या आठवड्यात तो पक्षी आला. मीच सोडवला, शेवटच्या जाळ्यातून. पायात आधीच कडी होती आणि ती आमची नव्हती, आमच्या देशाचीही नव्हती. अशी कडी आमच्या जाळ्यात पाच-सहा वर्षांतून एकदा येते. मी पिशवी छातीशी धरून धावत गेले. त्याने तो हातात घेतला, खिडकीकडे वळला, बराच वेळ पाय डोळ्यांजवळ धरला आणि मग सात आकडे सांगितले. मी ताईकडे बघत होते. तिचं पेन थांबलं. मला वाटलं, आता मोडणार हिचा पण. तिने त्याने सांगितलेले सात आकडे लिहिले आणि पक्षी खिडकीतून गेला.

त्या दिवशी ती जेवली नाही. "चार आकडे चुकले," म्हणाली. "हा कुठून निघाला, किती वर्षांचा होता, कधीच कळणार नाही कुणाला."

"तुला दिसला ना खरा क्रमांक? सांग की मुख्य कार्यालयाला, वेगळं पत्र लिहून."

"कुठल्या तोंडाने?" ताई म्हणाली. "वहीत एक आणि पत्रात एक?"

मला तेव्हा म्हणता आलं असतं, पुरे कर. मी म्हटलं नाही. मला तो खुर्चीवरून उतरलेला बघायचा होता, आणि तीनच आठवडे उरले होते. एका पक्ष्यापायी मी ते सोडायला तयार नव्हते, हे मी कबूल करते.

तपासनीसबाई हंगाम संपायच्या आदल्या दिवशी आल्या. उंच, सडपातळ, साठीच्या आसपास. स्वतःचा चहा स्वतः आणलेला. त्याने त्यांना झुडपं दाखवायचा आग्रह धरला, त्या म्हणाल्या आधी वह्या. मोजणीच्या खोलीत त्याच्याच खुर्चीवर बसल्या. तो शेजारी उभा, ताई समोर, मी दारात पिशव्या घेऊन.

त्यांनी तीन पानं न बोलता वाचली. चौथ्या पानावर बोट थांबलं. "आठ ग्रॅमचा धोबी?"

"लिहिताना चुकलं असेल," तो म्हणाला.

त्यांनी आणखी पानं उलटली. "हा क्रमांक थिरथिऱ्याचा आहे. इथे माशीमार झालाय. इथे पुन्हा थिरथिरा. हेही लिहिताना?"

"बाईंचं वय झालंय," तो म्हणाला. "नजर अधू आहे. मी तसं यंदा लेखी कळवलंही आहे." चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी त्या दिवशी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तपासनीसबाईंनी वही त्याच्याकडे फिरवली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही सही कुणाची?" मग त्यांनी माझ्या हातातली एक पिशवी घेतली, आतला पक्षी काढून त्याच्या हातात दिला. पायात आमचीच जुनी कडी होती. "क्रमांक वाचा."

तो वळला, पक्षी उजेडाकडे धरला, अंदाजाने आकडे सांगितले. त्यांनी पक्षी परत घेतला, चष्मा वर केला, बघितलं. मग ताईला म्हणाल्या, "तुम्हाला दिसतो?" ताईने तिच्या जागेवरून, टेबलापलीकडून, उलटा वाचला. एकही आकडा चुकला नाही. त्यांनी खिडकीतून पक्षी सोडून दिला आणि त्याला सांगितलं, तुम्ही बाहेर बसा.

मीही बाहेर आले, पण लांब गेले नाही. व्हरांड्यात, उघड्या खिडकीखाली, जाळ्यांचा गुंता सोडवत बसले. त्या गुंत्यात काही सोडवण्यासारखं नव्हतं.

आत कागद वाजला; तपासनीसबाईंनी ताईचा अर्ज आपल्या पिशवीतून काढला होता. परत आलेल्या अर्जाची एक प्रत मुख्य कार्यालयात जाते, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "शेरा वाचून आले होते. तुम्हाला बघायचंच होतं मला. प्रमुखाच्या जागी मी शिफारस करू शकते. परीक्षेला अजून मुदत आहे."

ताईने पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"एकच गोष्ट राहिली," त्या म्हणाल्या. "हा हंगाम रद्द होणार, त्याला इलाज नाही. पण आधीचे तीन वसंत स्वच्छ आहेत, इतके स्वच्छ की मला आश्चर्य वाटतंय. त्या वह्या नियमानुसार लिहिल्या गेल्या, एवढं तुम्ही लिहून द्या. सर तब्येतीच्या कारणाने निवृत्त होतील, त्यांचा लेख राहील, आणि पुढच्या वसंतात या खुर्चीवर तुम्ही बसाल." मग म्हणाल्या, "मी विचारते आहे, पण फार खोदून विचारत नाहीये."

लिही, मी मनात म्हणत होते, लिहून टाक. एवढा एक कागद, की पक्षी तुझ्या हातात. तो जातोच आहे. मानाने गेला तर जाऊ दे. बावीस वर्षं त्याच्या नावाने दात-ओठ खाणारी मी, पण त्या घटकेला मला सूड नको झाला होता. मला ताईचा परवाना हवा होता.

"सरांना आत बोलवा," ताई म्हणाली. "त्यांच्यासमोर सांगते."

तो आत आला. ताईने कपाटातून मागच्या तीन वसंतांच्या वह्या काढल्या आणि तपासनीसबाईंच्या पुढ्यात एकेक उघडून ठेवल्या.

"ज्या ओळीच्या शेवटी बारीक ठिपका आहे," ती म्हणाली, "ती ओळ यांनी सांगितलेली नाही. यांनी दुसरंच सांगितलं होतं. मी दिसलं ते लिहिलं."

मी उठून उभी राहिले. ठिपक्यांचं तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी खिडकीतून बघितलं. पानामागून पान तपासनीसबाई उलटत होत्या, आणि ठिपके पहिल्या वसंतात तुरळक होते, दुसऱ्यात निम्म्या ओळींवर, आणि तिसऱ्यात बिनठिपक्याची ओळ शोधावी लागत होती.

"म्हणजे नोंदी बरोबर आहेत," तपासनीसबाई सावकाश म्हणाल्या.

"सगळ्या."

"पण मला त्या ठेवता येणार नाहीत. पक्षी हातात नसलेल्या माणसाने स्वतःच्या मताने लिहिलेल्या आहेत. चारही वर्षं जातील. त्यांचा लेखही मागे घ्यावा लागेल." त्यांनी अर्जावर हात ठेवला. "आणि ज्या हाताने वही बदलली, त्या हाताला परवाना देता येत नाही. आजच नाही, कधीच नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं," ताई म्हणाली. "नियम सव्वीस वर्षं माझ्या समोरच्याच भिंतीवर आहे. पण ते फिक्या पायाचे पक्षी मी ओळखलेत. एकेक. ते याच्या नावावर राहू द्यायचे नाहीत मला. माझ्या नावावर होत नसतील तर कुणाच्याच नकोत." सव्वीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा, त्याच्यासमोर, 'याच्या' म्हटलं.

तपासनीसबाईंनी अर्ज घडी करून परत पिशवीत ठेवला. मग चारही वसंतांच्या वह्या दोरीने एकत्र बांधल्या आणि गाडीत ठेवायला घेऊन गेल्या. जड होत्या, पण कुणी हात लावायला पुढे झालं नाही.

खोलीत ती दोघंच राहिली. तो उभाच होता. खुर्ची रिकामी होती तरी बसला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी या क्षणाची बावीस वर्षं वाट पाहिली होती. चांगलं मोठ्याने हसायचं ठरवलेलं होतं. हसू आलं नाही, आणि ते आलं नाही याचाही मला त्याच्यावर राग आला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या वर्षापासून. मी चुकीचं बोलायचो आणि तुमचं पेन भलतीकडेच हलायचं, तेवढं दिसायचं मला." तो तिला नेहमी अगं-तुगं करायचा. 'तुम्ही' हे त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. "मला वाटलं, त्या जुन्या गोष्टीची तुम्ही मला माफी दिलीत."

ताईने टेबलावरची कड्यांची माळ उचलली, उरलेल्या कड्या डबीत भरल्या, झाकण लावलं.

"मलाही तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "ठिपके देताना मात्र एकदाही चुकले नाही."

दुसऱ्या दिवशी हंगाम संपला. तो आला नाही. परवानाधारक नाही म्हणून पक्षी धरायचे नव्हते, नुसती जाळी उतरवायची होती. तरी शेवटच्या जाळ्यात एक अडकलाच होता. मी त्याला सोडवला आणि ताईपुढे धरला, घे म्हटलं, आता कोण बघतंय. तिने दोन्ही हात मागे घेतले. तशीच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मूठ उघडली. तो उडून गेल्यावर आम्ही जाळ्याची दोन टोकं धरून घडी घालायला लागलो.